लॉनवरच्या लाल मुंग्यांना मी जेवायला घातलं

नागपुरात ‘आमच्याकडे लॉन आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, किती पानं उठतात? लोकांच्या डोक्यात लग्नाचीच लॉनं. आमचं लॉन म्हणजे बेसा रोडच्या घरासमोर गाडी उभी करून उरलेली १८ बाय १२ फुटांची पट्टी. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३१ वर्षं काढली, अजनीच्या क्वार्टरमध्ये चार कुंड्यांपलीकडे कधी गेलो नाही. निवृत्तीनंतर स्वतःचं गवत मिळालं, त्यामुळे जरा जास्तच जीव लावला.

परवाच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेली नात त्या गवतावर अनवाणी धावली आणि मधेच उभी राहून किंचाळायला लागली. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत लाल मुंग्यांनी भरलेली. मी तिला उचलून नळाखाली धरलं. पाणी धो धो वाहत होतं आणि मुंग्या जागच्या हलत नव्हत्या.

पहिली गोष्ट तीच सांगतो, कारण ती मला तेव्हा माहीत नव्हती. ही मुंगी आधी जबड्यानं कातडी पकडते आणि मग पोट वाकवून मागची नांगी टोचते. जबडा न सोडता थोडी फिरून पुन्हा टोचते, पुन्हा फिरून पुन्हा. म्हणून पाण्यानं ती सुटत नाही. कोरड्या हातानं किंवा पंचानं खसाखसा पुसून काढायची. नंतर साबणानं धुवा, बर्फ लावा, खाजवू देऊ नका. आग तासाभरात कमी होते, बारीक फोड काही दिवस राहतात. पण ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. काहींना या विषाची जोरदार ॲलर्जी असते आणि ती मिनिटांत वाढते.

आता मुंगी ओळखणं. आपल्याकडे लाल दिसली की सगळीच ‘लाल मुंगी’. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं करणारी लांब पायांची लाल मुंगी वेगळी, बस्तरात तिची चापडा चटणी करतात. तिला नांगी नसते, ती चावते आणि आम्ल सोडते. घरातल्या साखरेच्या डब्यात जाणारी बारीक पिवळट मुंगी तर बिचारी काहीच करत नाही. लॉनवरची ही आग लावणारी, तिचं शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस जेमिनाटा. मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, स्पॅनिश व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात जगभर पसरली असं तिच्या जनुकांवरून शोधून काढलंय. ओळखायची खूण म्हणजे एकाच रांगेत तीन मिलिमीटरच्या आणि त्याच्या जवळपास दुप्पट मोठ्या मुंग्या सोबत चालताना दिसतात, आणि मोठ्यांपैकी काहींचं डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं, चौकोनी. ही डोकेवाली मंडळी बी फोडणारी, वारुळाचं दळायचं जातंच म्हणा. भिंगातून पाहिलं तर कमरेला दोन मणी दिसतात.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या दुसऱ्या जातीचे असतात. तिथं फूटभर उंच मातीचे ढिगारे दाखवतात, आणि ते पाहून माणूस आपल्या लॉनवर ढिगारा शोधत बसतो. आपल्या मुंगीचं वारूळ बहुधा सपाट असतं. गवताच्या बुंध्याशी किंवा फरशीच्या कडेला चाळलेल्यासारखी भुसभुशीत माती, तिला पाच-सहा भोकं, आणि बाजूला बियांच्या टरफलांचा कचरा. काडी टोचली की काडीवरून सरसर वर चढतात. काडी लांब घ्या.

नातीचा प्रकार झाला त्याच संध्याकाळी मी एका फवारणीवाल्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी दोन पोट्टे पाठीवर पंप घेऊन आले, सगळं लॉन ओलं करून १,८०० रुपये घेऊन गेले. आठवडाभर एक मुंगी दिसली नाही. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात आधी एक वारूळ होतं तिथं तीन झाली, आणि एक तर थेट तुळशी वृंदावनाच्या पायरीखाली. त्याला पुन्हा फोन केला तर म्हणाला, “काका, वार्षिक करार करून घ्या ना.”

सिग्नलमध्ये आम्हाला पहिला धडा हाच मिळतो की दिवा विझला म्हणून नुसता बल्ब बदलू नका, फॉल्ट कुठं आहे ते शोधा. मी इथं बल्बच बदलत होतो. वर फिरताना दिसतात त्या वारुळातल्या थोड्याशा मुंग्या. राणी खाली असते, कधी एक, कधी अनेक, आणि ती बाहेर येतच नाही. फवारा वरच्या मुंग्यांना मारतो, खालच्या सावध होऊन बिऱ्हाड हलवतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच फवाऱ्यानं मुंगळे आणि साध्या काळ्या मुंग्याही मरतात. नवीन जागा शोधत उतरलेल्या लाल राणीला खाणारं त्यांच्याइतकं कोणी नाही. चौकीदार मेले आणि रान मोकळं झालं. लॉन पहिल्यांदा भरून काढणारी मग लालच.

म्हणून राणीपर्यंत विष पोचवायचं आणि ते मुंग्यांकडूनच पोचवून घ्यायचं. हे कसं होतं ते समजलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप पटतात. मोठ्या झालेल्या मुंगीला घट्ट खाणं गिळताच येत नाही, तिच्या घशात गाळणी असते, फक्त पातळ आत जातं. आणि पोटाचे कप्पे दोन: एक तिचा स्वतःचा, दुसरा गावजेवणाचा. रस्त्यात गोड मिळालं की ती दुसरा कप्पा भरून घेते, वारुळात जाऊन तोंडाला तोंड लावून बाकीच्यांना देते. त्या पुढच्यांना देतात आणि असं करत ते राणीच्या तोंडाशी जातं. याला वेळ लागतो. विष तासाभरात मारणारं असेल तर वाटेतच मुडदे पडतात आणि जेवण राणीपर्यंत जात नाही. विष हळू पाहिजे.

घरच्या घरी जमणारं हळू विष म्हणजे बोरिक ॲसिड. मेडिकलमध्ये बोरिक पावडर म्हणून मिळतं. कॅरमची पावडर म्हणून मिळतं ते सगळं बोरिक असतंच असं नाही, पाकिटावर वाचून घ्या.

माप: अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम बोरिक. म्हणजे साखर दहा टक्के, बोरिक एक टक्का. बोरिक पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, तळाशी पांढरं राहता कामा नये. मी पहिल्यांदा शहाणपणा करून चार चमचे बोरिक टाकलं, लवकर मरतील म्हणून. सकाळी झाकणाशेजारी पंचवीस-तीस मेलेल्या पडल्या होत्या आणि बाकीची रांग झाकणाला वळसा घालून चालली होती. एक टक्का म्हणजे एकच टक्का. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका, साखरेच्या पाकासारखीच दिसते.

पण पाक करण्याआधी मुंग्यांना काय आवडतं ते विचारून घ्या. औषधाच्या बाटल्यांची तीन झाकणं घ्यायची. एकात साधा साखरेचा पाक, एकात शेंगदाण्याचं तेल, एकात उकडलेल्या अंड्याचा बलक. संध्याकाळी रांगेपासून वीतभर अंतरावर ठेवायची आणि अर्ध्या तासानं मोजायची. मी स्टूल टाकून टॉर्च घेऊन बसलो. तेलाच्या झाकणाला कडेनं गच्च माळ लागलेली, एकमेकींच्या पाठीवर चढून वाकून पीत होत्या. बलकाचे कण मोठ्या डोक्याच्या मुंग्या तोडत होत्या. पाकात फक्त चार मुंग्या, त्यातल्या दोन बुडून मेलेल्या.

मागून बायको म्हणाली, “काय जी, आता मुंग्यांची पंगत घालून राहिले का?”

इथं माझी गाडी अडली. बोरिक तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. तेलात नुसतं कालवलं तर मुंगी तेल पिऊन घेते आणि पावडर तिच्या गाळणीत अडकते. मग साखर का नको, हा फॉल्ट शोधायला सकाळी रांगेचा माग काढला. रांग वारुळातून निघून फरशीच्या फटीतून जास्वंदीच्या बुंध्याशी जात होती आणि वर चढत होती. वर कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण, मिलीबग म्हणतात तो. हे किडे झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्यांना चोवीस तास फुकटची रसवंती मिळालेली, माझा पाक कोण विचारतो! बदल्यात त्या मिलीबगची राखण करतात, त्यांना खाणारे किडे जवळ येऊ देत नाहीत. जास्वंद का सुकून राहिली, हे कोडंही त्याच सकाळी सुटलं.

जास्त बुजलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. उरलेल्या फांद्यांवर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण घालून जोरात फवारा मारला, चार दिवसांनी पुन्हा. भिंतीला टेकलेली फांदीही कापली, तोच त्यांचा पूल होता. पाचव्या दिवशी पाकाच्या झाकणावर तीच गच्च माळ लागली, जी आधी तेलावर लागली होती. कढीपत्ता, पेरू, लिंबू, जास्वंद यांपैकी काही लॉनच्या कडेला असेल तर आधी पानं उलटून बघा, नंतर बोरिक आणा.

तुमच्याकडे तसा किडा नसेल आणि मुंग्या तरीही तेलच मागत असतील, तर तयार आमिष घ्या. त्यातलं औषध तेलात उतरणारं असतं. अमेरिकेत मक्याच्या भरड्याला सोयाबीन तेल लावून त्यात ते देतात. आपल्याकडे घेताना डबीवर ‘मुंग्या’ हा शब्द आणि शेवटची तारीख दोन्ही बघा, कारण तेल खवट झालं की मुंगी तोंड लावत नाही. फिप्रोनिल या कीटकनाशकाचं काही घेतलंत तर फुलांवर आणि पाण्याजवळ जाऊ देऊ नका, मधमाश्या आणि मासे दोघांसाठीही ते घातक आहे.

पाक उघड्यावर ठेवायचा नाही. उघडा ठेवला की ऊन त्याला सुकवतं, साळुंकी-खार तोंड घालते, शेजारचा कुत्रा तर चाटूनच पुसतो. मी जुन्या आइस्क्रीमच्या डब्या घेतल्या, कडेला काठाच्या खाली गरम सळईनं चार भोकं पाडली, आत पाकात भिजवलेला कापूस ठेवला. कापूस यासाठी की मुंगी बुडत नाही, काठावर उभी राहून चोखते. डबीवर पालथं मातीचं कुंड, एका बाजूला फुटकं कौल देऊन बोटभर फट, आणि वर वीट. घरात लहान मूल असेल तर वीट जड ठेवा. पाक मातीत सांडू देऊ नका, बोरिकमधलं बोरॉन जास्त झालं की गवत पिवळं पडतं.

डबी वारुळावर ठेवायची नाही. हातभर दूर, रांगेच्या वाटेवर. आणि वारुळाला अजिबात छेडायचं नाही, ना काडी ना पाणी. माझ्या बायकोला रोज सकाळी सडा घालताना तिथं एक तांब्या ओतायची सवय होती, ती सोडवायला मला पाकापेक्षा जास्त मेहनत पडली.

तीन दिवसांनी कापूस आणि पाक बदला, नाहीतर आंबतो. असं तीन ते चार आठवडे. मधेच थांबला की उरलेली राणी पुन्हा अंडी घालून भरपाई करते. मी जास्वंदीखालच्या फरशीवर खडूनं रेघ मारली आणि रोज संध्याकाळी सहाला एका मिनिटात किती मुंग्या रेघ ओलांडतात ते मोजून वहीत लिहिलं. सुरुवातीला ११२. आठव्या दिवशी १३०, म्हणजे वाढल्याच, आणि बायको म्हणाली, “भैताडासारखं खाऊ घालून राहिले.” अठराव्या दिवशी ४१. तिसाव्या दिवशी ३. पहिल्या आठवड्यात वाढलेला आकडा पाहूनच बहुतेक लोक फवारणीवाल्याला फोन करतात. वाढणं म्हणजे जेवण पसंत पडलं.

वेळ कोणती? आपल्या गावात दोन खिडक्या आहेत: दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, आणि फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा दुपारी जमिनीवर मुंगी येतच नाही, रात्री येते. पावसाळ्यात आमिष भिजतं आणि काळ्या मातीत पाणी साचलं की वारूळच घराच्या ओट्याकडे सरकतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली होती. पूर आला की या मुंग्या एकमेकींना धरून गोळा बनवतात आणि पाण्यावर तरंगतात, कोरडं काही सापडलं की चढतात. पावसाळ्यात चिखलात हात घालताना हातमोजे घाला.

चार आठवड्यांनंतरही एक वारूळ जिवंत राहिलं, तुळशीच्या पायरीखालचं. टेक्सासकडे पद्धतच आहे की आधी सगळीकडे आमिष, मग आठ-दहा दिवसांनी जे उरेल त्यावर थेट घाव. मी उकळतं पाणी वापरलं. हिवाळ्याची सकाळ बघायची, थंड रात्रीनंतर ऊन आलं की त्या राणी आणि अंडी-अळ्या वर उबेला आणतात. डिसेंबरात साडेआठच्या सुमारास, अंघोळीच्या पाण्याच्या बंबातून चार-चार लिटरची तीन भगोनी. पहिलं कडेनं गोल, बाकीची मधे सावकाश. पायात गमबूट, आणि एकटं करू नका, एकानं भगोनं धरलं तर दुसऱ्यानं वाट मोकळी ठेवायची. दहापैकी साधारण सहाच वारुळं एका वेळी मरतात असा लोकांचा अनुभव आहे, माझं दोनदा करावं लागलं. ओतलेल्या जागी थाळीएवढं गवत भाजलं. फेब्रुवारीत कडेच्या दुबीनं ते भरून काढलं. तुळशीच्या मुळाशी मात्र मी पाणी जाऊ दिलं नाही, आईच्या वेळची आहे.

रॉकेल-पेट्रोल ओतणारे लोक मला अजून भेटतात. माती मरते, गवत मरतं, आग लागू शकते, राणी मरेलच असं नाही. रवा टाकला की मुंगी खाऊन फुगते आणि फुटते, हेही ऐकलं असेल. घशात गाळणी आहे हे कळल्यावर त्याचं काय ते तुम्हीच ठरवा. हळद, मीठ, फिनेल यांनी रांग फक्त वळते.

आता दोन गोष्टी खास इथल्या. पहिली कूलर. एप्रिल ते जून कूलरच्या टाकीतून ठिबकणारं पाणी भिंतीच्या कडेला जमीन कायम ओली ठेवतं. सगळीकडे माती तडकलेली आणि तिथं गारवा, मग मुंगी कुठं जाईल? मी टाकीच्या खालच्या नळीला जोडनळी लावून पाणी आंब्याच्या आळ्यात सोडलं. दुसरी गोष्ट बोअरच्या मोटरचा स्टार्टर. नोकरीत असताना रुळाकडेच्या लोकेशन बॉक्समध्ये, म्हणजे सिग्नलच्या वायरी जोडायच्या पेटीत, टर्मिनलवर मेलेल्या मुंग्यांचा थर खरवडून काढलाय मी. मुंग्या विजेच्या पेटीत शिरतात, एखादीला झटका बसला की ती मरताना जो वास सोडते त्यानं आणखी धावून येतात, आणि शेवटी संपर्कच तुटतो. पावसाआधी मेन बंद करून स्टार्टर उघडा, ब्रशनं झाडा, वायर जिथून आत जाते ते भोक पुट्टीनं बंद करा. आत पाणी किंवा पाक काही नाही.

माझ्या लॉनवर या आल्या कशा तेही शोधलं. गवत लावलं तेव्हा ट्रॉलीभर माती आणि नर्सरीतून अकरा कुंड्या आणल्या होत्या. आता नवीन कुंडी आली की तिला आठवडाभर विटेवर, विटेखाली साबणाच्या पाण्याची परात. कुंडीच्या खालच्या भोकातून काही बाहेर पडलं तर तिथंच दिसतं.

यंदा मृगाचा पहिला पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो. दिव्याखाली वाळवीच्या पंखांचा सडा पडला होता, तो दरवर्षीचाच, त्याला घाबरायचं नाही. पण फरशीवर एक वेगळी होती, लालसर, जाड पोटाची, कमरेला दोन मणी. पंख झाडून टाकून ती गवताच्या फटीत शिरायला जागा शोधत होती. मी चप्पल काढून हातात घेतली. तेवढ्यात जास्वंदीकडून सहा-सात काळ्या मुंग्या आल्या. दोघींनी पाय धरले, एकीनं मान. ओढत ओढत त्या तिला फरशीपलीकडे घेऊन गेल्या. मी चप्पल परत पायात घातली.